आवाज येतोय का?

कॉम्प्युटरवरून परदेशी बोलायची सोय करून द्या म्हणून कुणी बोलावलं, की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘कॅमेरा कुठला घेऊ?’ माइकचं नाव कुणी काढत नसे. कॅमेऱ्याला हजार-बाराशे मोजायची तयारी असायची. माइक मात्र कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेला, लवचीक मानेचा, कितीही सरळ केला तरी हळूहळू खाली वाकणारा. मी म्हणायचो, आधी माइकवाला चांगला हेडफोन घ्या, कॅमेऱ्याचं नंतर बघू. त्यावर एका काकूंनी मला गप्पच केलं होतं. ‘अहो, नातवाला बघायचंय. ऐकायचं काय त्यात? तो अजून बोलतोय कुठे!’

युक्तिवाद बिनतोड होता. तरीही इतक्या वर्षांनी माझं मत तेच आहे. चित्र अडकलं, तोंड वाकडं राहून गोठलं, तर माणसं हसतात. कॉम्प्युटर अडकलाय हे डोळ्यांना दिसत असतं. आवाजाचं तसं होत नाही. आवाज उशिरा आला, तुटला, पोकळ आला, तर तो दोष पलीकडच्या माणसाच्या खात्यावर जमा होतो. हे मी सांगलीतल्या कितीतरी घरांत बघितलंय.

दोन हजारच्या दशकात मी विश्रामबागेत कॉम्प्युटर जोडून द्यायचं काम करायचो. तेव्हा आमच्याकडच्या मुलांची वाट पुणे, बेंगळुरू, मग अमेरिका अशी ठरून गेली होती. मागे राहिलेल्या आईवडिलांना आयएसडी बूथवर लाल आकडे पळताना बघत बोलायची सवय होती. त्या आकड्यांच्या धाकाने सगळे बातम्या दिल्यासारखे बोलत. बरा आहेस ना, पैसे मिळाले का, लग्न ठरलं, ठेवतो. सांगण्यासारखं काही नसताना नुसतं बोलत बसणं ही चैन कुणाला परवडणारी नव्हती.

इंटरनेटवरून आवाज पाठवता येतो ही गोष्ट तशी जुनी. व्होकलटेक या इस्रायली कंपनीने १९९५ मध्येच असं सॉफ्टवेअर बाजारात आणलं होतं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने आपल्याकडे सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. पण इंटरनेटवरून फोन करायला सरकारने कायदेशीर मुभा दिली ती १ एप्रिल २००२ पासून, आणि तीही अर्धीच. कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरवर बोला, हवं तर परदेशातल्या फोनवरही लावा, पण देशातल्या फोनवर नाही. म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवरून न्यू जर्सीतल्या लँडलाइनला फोन लावलेला चालायचा, मिरजेतल्या आत्याच्या लँडलाइनला लावलेला चालायचा नाही. मिरज आमच्यापासून दहा किलोमीटरसुद्धा नाही.

डायल-अपच्या काळात याहू मेसेंजरवर बोलायचा प्रयत्न अनेकांनी केला. त्याबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. ज्यांनी केला त्यांना आठवत असेल, बाकीच्यांचं काही चुकलेलं नाही.

खरा फरक पडला स्काइपने. स्वीडनचा निकलास झेनस्ट्रॉम आणि डेन्मार्कचा यानुस फ्रीस यांनी ते ऑगस्ट २००३ मध्ये आणलं, पण प्रोग्राम लिहिला होता एस्टोनियातल्या मुलांनी. याच मंडळींनी आधी काझा नावाचं, गाणी फुकटात एकमेकांना देण्याघेण्याचं सॉफ्टवेअर काढलं होतं. मधला मोठा सर्व्हर टाळून एकाच्या कॉम्प्युटरवरून थेट दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर माल पोचवायची त्यांची हातोटी तिथलीच. घरोघरचे राउटर बाहेरून येणारी जोडणी आत घेत नाहीत, आणि आधीची बरीच सॉफ्टवेअरं तिथेच अडायची. हे पोर्ट उघडा, तो नंबर भरा, असली भानगड. स्काइप स्वतःच वाट शोधायचं. थेट वाट नाही मिळाली, तर ज्यांचं कनेक्शन मोकळं आहे अशा तिसऱ्याच कुणाच्या तरी कॉम्प्युटरमधून आवाज वळवून न्यायचं. असे कॉम्प्युटर म्हणजे सुपरनोड.

ही तिसऱ्याची गोष्ट मला फार आवडायची. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ च्या जानेवारीत सुरू झालं. त्या सुरुवातीच्या काळात बऱ्याच घरांत मोडेम नुसता वायर जोडल्यासारखा असायचा आणि युजरनेम-पासवर्ड टाकून कॉम्प्युटरच थेट इंटरनेटवर जायचा. नेमका असाच कॉम्प्युटर सुपरनोड व्हायला लायक. म्हणजे विश्रामबागेतल्या एखाद्या निवृत्त मास्तरांचा कॉम्प्युटर ब्राझीलमधल्या कुणाची पोर्तुगालमधल्या कुणाशी गाठ घालून देत असू शकत होता, आणि मास्तर शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. या रचनेचा कमकुवतपणाही एकदा जगाला दिसला. १६ ऑगस्ट २००७ ला विंडोजचे अपडेट बसवून जगभरचे असंख्य कॉम्प्युटर एकाच सुमारास बंद होऊन चालू झाले, सगळे एकदम स्काइपमध्ये शिरायला लागले, मधली वाट दाखवणारेच पुरेसे जागेवर नव्हते, आणि स्काइप जवळजवळ दोन दिवस आडवं झालं. पुढे मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये हे काम स्वतःच्या सर्व्हरवर नेलं. व्यवहाराच्या दृष्टीने बरोबरच होतं ते. पण मास्तरांची नोकरी गेली.

ब्रॉडबँड आलं तरी बिलाची धास्ती होतीच, कारण महिन्याच्या डेटाला मर्यादा होती. त्यावर उपाय होता बीएसएनएलच्या पाचशे रुपयांच्या योजनेचा. रात्री २ ते सकाळी ८ कितीही वापरा. ही वेळ कुणी काय विचाराने ठरवली असेल ते असो, अमेरिकेत मुलं असलेल्यांच्या ती पथ्यावर पडली. आपल्याकडे सकाळचे ६ म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळचे साडेआठ, कॅलिफोर्नियात साडेपाच. कॅलिफोर्नियावाले तेव्हा ऑफिसात, म्हणून त्यांचा वार रविवार. आपला रविवार, त्यांची शनिवारची संध्याकाळ. आमच्या गल्लीत रविवारी सहाच्या ठोक्याला जेवढे दिवे लागलेले असत तेवढे दिवाळीच्या पहाटेच. काकू साडी नेसून, कुंकू लावून, केस विंचरून कॉम्प्युटरसमोर. काका वरून इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा. आठला पाच कमी राहिले की घड्याळाकडे बघणं सुरू. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की पहिला रविवार हमखास गोंधळाचा. त्यात भारनियमन. वीज गेली की यूपीएस बीप-बीप करत दहा मिनिटं जीव धरायचा, तेवढ्यात ‘लाइट गेले रे, ठेवते’ एवढं सांगून व्हायचं.

जोडणीचं काम तसं किरकोळ, पण त्यातले खाचखळगे ठरलेले. गुलाबी भोक माइकचं, हिरवं स्पीकरचं, निळ्यात काही घालायचं नाही. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूलाही दोन भोकं असतात, सोयीची, हाताशी येणारी. असेंबल केलेल्या निम्म्या कॉम्प्युटरांत त्यांची आतली वायर मदरबोर्डला जोडलेलीच नसायची. माणूस बिचारा तिथे माइक खुपसून तासभर हॅलो हॅलो करत बसलेला. मग विंडोज एक्सपीतला तो व्हॉल्यूमचा तक्ता. त्यात ऐकण्याचे खटके वेगळे, रेकॉर्डिंगचे वेगळे, आणि माइकसमोरची खूण एकीकडे म्यूटची, दुसरीकडे सिलेक्टची. शिवाय ‘माइक बूस्ट’ एका बटणाच्या आत लपवलेला. ज्याने कुणी ती खिडकी बनवली त्याच्या आईला कधी परगावाहून फोन करावा लागला नसणार.

नावं घेतानाही मजा. साधी नावं सगळी जगाने आधीच घेतलेली. मग नावापुढे गाव, गावापुढे जन्मसाल. पासवर्ड कालनिर्णयच्या मागच्या पानावर, आणि एक जानेवारीला कालनिर्णय बदललं की मला बोलावणं.

सगळं लावून झालं की टेस्ट कॉल. स्काइपच्या यादीत एक कायमचा पत्ता असायचा. त्यावर फोन लावला की एक बाई इंग्रजीत सांगे, ठोका पडला की बोला, तुमचा आवाज तुम्हाला परत ऐकवते. दहा सेकंद. या दहा सेकंदांत माणसं काय काय बोलत! बहुतेक जण ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’. गणपतीच्या मांडवात ऐकलेलं तेच. एका आजींनी ‘शुभं करोति’ सुरू केलं आणि ‘शत्रुबुद्धि’पाशी वेळ संपली, तर पुन्हा लावा म्हणाल्या, अर्धवट नको. एक नाना, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, नाव, हुद्दा आणि निवृत्तीची तारीख सांगून मोकळे झाले. एका काकूंनी त्या बाईलाच विचारलं, तुम्ही कुठून बोलता?

मग आवाज परत यायचा आणि जवळजवळ प्रत्येकाचं म्हणणं एकच, ‘हा माझा आवाज नाही.’ स्वतःचा आवाज आपण निम्मा हाडांतून ऐकतो, त्यामुळे आपल्याला तो भरदार वाटतो. बाहेरच्यांना ऐकू येतो तो हा, पातळ. मी हे समजावत बसायचो. शेजारी उभी असलेली माणसं मात्र शांतपणे म्हणायची, तुमचाच आहे हो, हुबेहूब.

इथपर्यंत सगळं ठीक. भांडणं पुढे.

पहिलं भांडण घुमणाऱ्या आवाजाचं. आपण बोललेलं क्षणभराने आपल्यालाच ऐकू येतं. माणूस वैतागून स्वतःच्या स्पीकरचा आवाज कमी करतो, माइक हलवतो, मला फोन करतो. पण दोष इकडे नसतोच. आपला आवाज पलीकडच्या घरातल्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तिथल्याच माइकमध्ये शिरतो आणि परत येतो. ज्याच्या घरात बिघाड आहे त्याला काहीच जाणवत नाही, त्याचं सगळं छान चाललेलं असतं. हे पटवणं महाकठीण. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्याकडे महागडा लॅपटॉप, मग चूक आमच्याच डबड्याची असणार हे आईवडिलांनीच ठरवून टाकलेलं. मी सांगायचो, त्याला म्हणावं हेडफोन लाव. त्याने लावला की दुसऱ्या मिनिटाला घुमणं बंद. तरी काका म्हणायचे, ‘आता आपलं मशीन सुधारलं बघा.’

दुसरं भांडण उशिराचं, आणि ते जास्त खोल. सांगली ते कॅलिफोर्निया सरळ रेषेत तेरा-चौदा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या अंतराला सत्तरेक मिलिसेकंद. समुद्राखालची केबल सरळ जात नाही, त्याचे आणखी थोडे. त्यात बोलणं वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवायचं, तुकडे मागेपुढे पोचणार, म्हणून पलीकडचं सॉफ्टवेअर ते थोडे साठवून, ओळीने लावून मग वाजवणार. एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बोलणाऱ्याला जाणवत नाही, असा दूरसंचाराचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आमच्या २५६ केबीपीएसच्या लाइनवर, कॅमेरा चालू असताना, तो सहज दुप्पट-तिप्पट व्हायचा. प्रश्न जायला तेवढा, उत्तर यायला तेवढा.

आता माणसं समोरासमोर बोलताना काय करतात? एकाचं संपलं की दुसऱ्याचं जवळजवळ लगेच सुरू. दहा भाषांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही मधली फट सरासरी पाव सेकंदाहूनही कमी निघाली. तिथे पाऊण सेकंद गेला तर काय होतं ते मी प्रत्यक्ष पाहिलंय. आई विचारते, ‘दिवाळीला येताय ना?’ तिकडे सून तत्काळ ‘हो’ म्हणते. इकडे आईला आधी एक गप्प जागा ऐकू येते, मग ‘हो’. फोन ठेवल्यावर आई स्वयंपाकघरात म्हणते, ‘विचार करून सांगितलंन् तिने. मनातून नाही तिला यायचं.’ मी मोडेमची वायर गुंडाळत उभा. काय सांगणार, की काकू, ती शंका केबलमध्ये आहे?

सांगितलं मी, बऱ्याचदा. फारसा उपयोग झाला नाही, कारण कानाने ऐकलेलं मन आधी घेतं. पुढे जर्मनीतल्या संशोधकांचा २०१४ चा एक निबंध वाचनात आला. त्यांनी मुद्दाम उशीर घालून लोकांना बोलायला लावलं होतं. ज्यांना उशीर होतोय हे माहीत नव्हतं, त्यांनी पलीकडचा माणूस कमी लक्ष देतो, असंच काहीसं मत दिलं. मला आमच्या गल्लीतल्या तीन-चार सासवा डोळ्यासमोर आल्या. त्या बिचाऱ्या फारशा चुकत नव्हत्या, आणि सुनांचा तर काहीच संबंध नव्हता.

म्हणून माझा हट्ट असायचा, बोलणं अडखळायला लागलं की कॅमेरा बंद करा. आवाजाला चाळीसेक केबीपीएस पुरतात. चित्र त्याच्या कित्येक पट खातं, आणि आपल्या बाजूने वर पाठवायची वाट तर आधीच अरुंद. चित्र बंद केलं की आवाज सुधारतो, फट कमी होते, माणसं एकमेकांच्या बोलण्यावर आदळायची थांबतात. पाच मिनिटं नातवाला बघा, नंतर अर्धा तास नुसतं बोला. ऐकलं ते फार थोड्यांनी.

एक गोष्ट मात्र स्काइपमध्ये साध्या फोनपेक्षा खरोखर वरचढ होती. लँडलाइन ३०० ते ३४०० हर्ट्झमधलाच आवाज नेते, त्यामुळे ‘स’ आणि ‘फ’ बऱ्याचदा अंदाजाने ओळखावे लागतात. स्काइप त्याच्या वरचाही आवाज न्यायचं. पलीकडच्या घरातल्या कुकरची शिट्टी, नातीच्या पैंजणांचा आवाज, मुलाचं दमून श्वास सोडणं, सगळं इकडे यायचं. आयांना त्यातून जे कळायचं ते मुलांनी सांगितलेलं नसायचं. स्काइपने २००९ मध्ये काढलेली सिल्क ही आवाज दाबून पाठवायची पद्धत पुढे ओपस नावाच्या खुल्या मानकात मिसळली गेली. ते २०१२ चं. आज ब्राउझरमधून होणारे कॉल बहुतेक त्याच ओपसवर चालतात. स्काइप स्वतः ५ मे २०२५ ला बंद झालं. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ते साडेआठ अब्ज डॉलरला घेतलं होतं. मला वाईट वगैरे वाटलं नाही. शेवटची काही वर्षं ते उघडलं की भलत्याच गोष्टी दाखवायचं.

तोवर घरोघरी फोन आले होते. व्हॉट्सअॅपवर २०१५ पासून बोलता यायला लागलं, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटाचा हिशोब संपला. माझं हे काम जवळजवळ बंद झालं. आता व्हिडिओ कॉलवर निम्मा वेळ छताचा पंखा दिसतो आणि उरलेला वेळ कुणाची तरी हनुवटी, पण माणसं खूश आहेत. रोज बोलतात, दिवसातून दोनदा बोलतात. साडी नेसून बसायची गरज राहिलेली नाही. तक्रार करायला मला जागा नाही.

तरी कॉम्प्युटरसाठी अजून बोलावणी येतात, आणि सध्या सगळ्यात जास्त येतं ते मिरजेहून, गाण्याच्या एका बाईंकडून. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव. इथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. बाई न्यू जर्सी आणि डॅलसमधल्या मराठी मुलींना शिकवतात. सुरुवातीला फोनवरच शिकवत होत्या. एके दिवशी मला बोलावून म्हणाल्या, ‘मी तंबोरा लावते, पोरी म्हणतात ऐकूच येत नाही. मी गप्प बसले की मग थोडा येतो म्हणे, तो पण लगेच विरतो. हे काय आहे?’

हे फार गमतीचं आहे. आजकालची सगळी सॉफ्टवेअरं मागचा गोंगाट गाळतात. गोंगाट कशाला म्हणायचं, तर जे एकसारखं, न थांबता चालू असतं ते. पंखा, एसी, मिक्सर. तंबोराही एकसारखाच चालतो, म्हणून त्यालाही त्याच रांगेत बसवून बाहेर काढलं जातं. लांबवलेल्या षड्जाचंही तेच. आवाज दोनचार सेकंद स्थिर लागला की सॉफ्टवेअरला संशय. जितका चांगला लागलेला सूर, तितका तो कापला जाण्याची शक्यता जास्त! बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चहा सांडला.

कॉम्प्युटर, वायरचा माइक, वायरचं इंटरनेट, आणि झूममधलं ‘ओरिजिनल साउंड’ चालू. हे झालं की गाळणं थांबतं. एकत्र गाणं मात्र होत नाही. उशीर पूर्वीपेक्षा कमी असला तरी तालाला तेवढा पुरतो बिघडायला. तबला इकडे आणि गाणं तिकडे हे जमणारच नाही. बाईंनी ते एका वाक्यात निकालात काढलं. ‘मी म्हणेन, थांबेन, मग त्या म्हणतील. आमच्या गुरुजींनी तरी दुसरं काय केलं?’ तंबोरा प्रत्येकीने आपापल्या घरी अॅपवर लावायचा, स्वर कुठला ते आधी सांगून ठेवायचं.

उरला एकच त्रास. कॉम्प्युटरला आता तीन-तीन माइक असतात. कॅमेऱ्यात एक, हेडफोनला एक, लॅपटॉपचा स्वतःचा एक. सॉफ्टवेअर आपल्या मनाने त्यातला भलताच निवडतं. पूर्वी यासाठी मला जावं लागायचं. परवा गेलो होतो ते वेगळ्याच कामाला, तर बाईंचा वर्ग चालू होता. नवीन मुलगी, पहिलाच दिवस, आवाज डब्यातून आल्यासारखा. मुलीचे वडील मध्ये येऊन सांगत होते की मी आयटीतच आहे, आमच्याकडे सगळं नीट आहे, तुमच्या बाजूला नेट स्लो असेल. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘हो का? बरं. आता खाली डावीकडे माइक दिसतोय ना, त्याच्या शेजारचा बाण दाबा. पहिल्यांदा कुठलं नाव आहे ते मला वाचून दाखवा.’